दुर्बिणीसाठी धुळ्याला

माझा चुलतभाऊ सदाभाऊ लढाईवरून आला तो गळ्यात दुर्बीण घालूनच. तेव्हापासून आमचे वडील, नाना, रोज संध्याकाळी त्याच्या छतावर सातपुडा पाहायला जाऊ लागले. आमचेही घर धाब्याचेच आहे. छतावरून डोंगर तसूभरही कमी दिसत नाही. म्हणून दिवाळी होताच मी दुर्बीण आणायला निघालो.

धरणगावाहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला मोटर जाते. ती कोळशाच्या गॅसवर चालते आणि भट्टी मागे असते, तेव्हा जाणाऱ्याने पुढची जागा धरावी. मी मागे बसलो, धोतर काळे झाले. दोन्हीकडे कपाशी फुटली होती. पारोळ्याला मोटर बराच वेळ थांबते. तिथली गरम भजी जरूर खावीत.

शेजारी बसलेल्या एका आबांनी विचारले, "काय भो, लगीनसाठे पोर दखाले चालना का?"

"नाही आबा, दुर्बीण घ्यायला."

"मंग आधी दुर्बीण ले. पोर नीट दखाई!"

सारी मोटर हसली.

धुळ्यात एका चष्म्याच्या दुकानी लष्करातून निघालेल्या दुर्बिणी होत्या. सदाभाऊच्या दुर्बिणीवर आठाचा आकडा आहे, म्हणजे तिच्यातून वस्तू आठपट जवळ दिसते. मी बाराची मागितली. दुकानदार चाचांनी मला वरच्या मजल्यावर नेऊन लळिंगचा किल्ला दाखवला. किल्ला जवळ आला खरा, पण बुरूज नाचत होता.

"माझाच हात हलतो का?"

"सबका हिलता है, भाऊ. दुर्बीण मोठी, तर हाताचं कापणंही मोठं दिसतं. ही सहाची धरा."

ती हलकी होती. कोपरे बरगड्यांना टेकवली, तसा बुरूज जागेवर थांबला. घेणाऱ्याने नळ्यांमधले अंतर आपल्या डोळ्यांइतके करून घ्यावे, आणि मनगट भरून येईपर्यंत पाहावे. पण सहा म्हणजे आठाहून कमीच. मी पुन्हा बाराची उचलली.

"कुणाला हरवायचंय?" चाचा म्हणाले.

नानांचे हात थरथरतात. मी सहाचीच घेतली. खानावळीत कळण्याची भाकरी आणि भरीत फक्कड होते, पण मी अर्धी भाकरी ठेवूनच उठलो. सदाभाऊ आकडा वाचून हसेल, एवढेच डोक्यात.

घरी येताच नानांना छतावर नेले. त्यांनी दुर्बीण लावली आणि लगेच खाली केली.

"हालस रे. तठे सदा मनापुढे बठस. मी त्याना खांदावर कोपरं ठेवस."

सदाभाऊ असा त्यांच्यापुढे बसतो, हे मला ठाऊकच नव्हते. मी त्यांच्यापुढे बसलो. त्यांची कोपरे खांद्यांत रुतली. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

"आते बठ्ठं दखास, सारा डोंगर. झाडंबी."

प्रवास चांगला झाला, दुर्बीणही चांगली आहे. तरी दुसऱ्यासाठी घेणाऱ्याने त्याला सोबत न्यावे, असे मी सांगेन. नानांना हवे होते ते खांदे तर घरीच होते.

"सदाले बलाव रे," नाना माझ्या डोक्यावरून म्हणाले, "त्यालेबी दखाडू."

"उद्या बोलावतो," मी म्हणालो आणि खांदे आणखी ताठ केले.