घाटकोपर ते मानखुर्द: संकष्टीच्या सकाळचे पोहे

घाटकोपरहून मानखुर्दला जाण्याला कुणी प्रवास म्हणणार नाही. पण पंचवीस वर्षं इथे राहून मी तिथे कधी उतरले नव्हते. माझी नणंद शैला एचआयव्ही असलेल्या माणसांच्या तब्येतीवर संशोधन करते. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणाली, "वहिनी, पिशवी धरायला चल ना. ज्यांच्याकडे जायचंय त्या मावशींना विचारून ठेवलंय."

त्या दिवशी संकष्टी. पूजा उरकली, रिक्षाचा मोह टाळला आणि दहाची बस धरली. लिंक रोडला खड्डे आहेत, मागच्या सीटवर बसू नका.

बसमध्ये शैला सांगत होती, "मी कामाला लागले तेव्हा ही माणसं जगतील का, एवढीच चिंता होती. आता गोळ्यांवर जगली, म्हातारी झाली. गुडघे, साखर, डोळे. आता यांना बघणार कोण, याचा अभ्यास."

मावशी शैलाच्या अभ्यासातल्याच, सत्तरीच्या, मूळच्या मालवणकडच्या, एकट्याच राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका दवाखान्यात आजार कळल्यावर त्यांना बाकावरून उठवून लांब बसवलं. तेव्हापासून ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. त्यांचं मन वळवायलाच आम्ही गेलो होतो.

चाचपडत त्यांनी पोहे आणले, वर ओलं खोबरं. मी सवयीने बोलून गेले, "मला नको हो, उपास आहे."

मावशींनी बशी मागे घेतली. "माझ्या घराक इले काय सगळ्यांचोच उपास असता."

शैला माझ्याकडे बघेना. खरंच संकष्टी आहे म्हणून सांगितलं असतं, तरी त्यांना ते कसं खरं वाटणार? मनात गणपतीला हात जोडले आणि बशी त्यांच्या हातातून घेतली. दोन घास खाल्ले आणि मीठ मागितलं.

"दिसना नाय गो माका. अंदाजान घालतंय."

"मग डोळे करून घ्या की!"

"तू येशीत? बाकावर बाजूक बसशीत?"

"बसेन. डबाही आणेन."

शैलाने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात दवाखान्यात जायची तारीख लिहिली.

मावशींनी हे लिहायला परवानगी दिली, नाव तेवढं नको म्हणाल्या. तुम्हीही अशा कुणाकडे जाणार असाल, तर पोटात जागा ठेवून जा.

संध्याकाळी हे कॅलेंडरसमोर उभे. "चंद्रोदय उशिरा आहे गं. निभेल ना तोवर?"

"माझा उपास सकाळीच मोडला."

"तू? मोडलास?"

सगळं सांगितलं. यांनी पेन आणून दिलं. मी पुढच्या मंगळवारच्या चौकटीत लिहिलं: मावशींचे डोळे. डबा दोघींचा.