आधी गळा, मग जीभ

"गिळा," डॉक्टर म्हणायचे आणि समोरच्याचा गळा धरायचे. हळूबिळू नाही, कसायानं बकरं धरावं तसा. तुमच्यापैकी कुणी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या दवाखान्यात आलं असेल, तर गळ्याला अजून आठवत असेल. टाचेत काटा मोडला म्हणून या नाहीतर खोकला म्हणून या, डॉक्टरांचा अंगठा आधी गळ्याच्या घाटीवर. मी नर्स म्हणून लागले तर पहिल्याच दिवशी माझाही गळा धरला. मी किंचाळले.

"ओरडता काय, बाई, गिळा. हं. आहे जागेवर. कामाला लागा."

काय जागेवर आहे, ते केम गावच्या धनगरानं आपली पोर आणली त्या दिवशी कळलं.

पोर सतरा वर्षांची, रखमा. जिभेच्या पार मुळाशी लिंबाएवढी लाल गाठ. भाकरी गिळेना. गावात कुणीतरी ती तापलेल्या तारेनं डागली होती, वर काळी खपली होती.

"कापा ही," बाप म्हणाला.

डॉक्टरांनी जिभेकडे बघितलं आणि गळा धरला. "गिळ. परत गिळ." बोटं वर-खाली फिरली, थांबली. "इथं काहीच नाही, नुसती श्वासनळी लागते. गळ्यात असते ती ग्रंथी हिची खाली उतरलीच नाही, जिभेवर राहिली. तीच ही गाठ. एवढी एकच आहे हिला. मी कापणार नाही."

"सोलापूरचं डाक्तर सुरीला भितंय व्हय?"

"भितो." कपाटातली बरणी काढून त्यांनी टेबलावर आपटली. स्पिरिटमध्ये तसलीच गाठ. "एका विणकराच्या बायकोची. मी कापली, गळा न बघता. तिचीही तेवढी एकच होती. चार जणांना कौतुकानं दाखवली. पुढं ती बाई सुजली, भर उन्हात कुडकुडायला लागली, पोटच्या पोराचं नाव विसरली. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मेली."

बापानं ऐकलंच नाही. पोरीला दंडाला धरून ओढली. तिला ठसका लागला, खपली फुटली आणि रक्ताची चूळ भिंतीवर उडाली. मग तर रक्त थांबेचना. डॉक्टरांनी तिला पुढं वाकवली, एका हातानं मान आवळली, दुसऱ्याची दोन बोटं कापसासकट घशात घातली आणि गाठ दाबून धरली. तिनं बोटं कडकडून चावली. हाड वाजलेलं मी ऐकलं.

बापाला दिसलं काय, तर डॉक्टर पोरीचं नरडं दाबतोय. त्यानं काठी घातली. पाठीत, खांद्यावर, डोक्यात. मी मधे पडले तर माझ्या मनगटावर बसली.

"मारू द्या त्याला," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कापूस द्या, बाई." कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं, पण बोटं काही काढली नाहीत.

रक्त थांबलं तेव्हा बापाच्या हातात अर्धीच काठी उरली होती.

"आबा, थांब की," रखमा तोंड मोकळं झाल्यावर म्हणाली. "त्येंनीच मला धरून ठिवलंय."

डॉक्टर भिंतीला टेकले. "गोळ्या देतो. मेंढराच्या गळ्यातली हीच ग्रंथी वाळवून करतात. रोज गोळी घेतली की गाठ आक्रसेल. जन्मभर घ्यायची."

बाप मटकन खाली बसला. "मेंढराची? मग हितं कशाला आलो? घरला तीनशे हायती."

"घरी कापून घालू नका. माप चुकलं तर पोरीचं काळीज थांबेल." डॉक्टर हसायला गेले आणि बरगडी धरली. "ही बहुतेक मोडलीत तुम्ही."

वर्षभरात रखमा भाकरी चावून खायला लागली. डॉक्टरांचं एक बोट मात्र वाकडंच राहिलं. त्याच बोटानं पुढं अख्ख्या पेठेचे गळे धरले.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर तापानं गेले. केमहून बापलेक पहिल्या गाडीनं आले. बाप दारातच उभा राहिला, काठी बाहेर ठेवून. रखमा सरळ आत गेली. चादरीखालचा त्यांचा हात काढला, ते वाकडं बोट स्वतःच्या गळ्यावर टेकवलं, आणि गिळलं.