पाठमोरी माणसं

साऱ्या परभणी जिल्ह्यात मी मनापासून हेवा केला असा माणूस एकच, आणि त्याला माणसाचं तोंड काढता येत नव्हतं. मी जिंतूरच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, हैदराबादेहून सनद आणलेला. चौकोन आखून कुणाचंही नाक जिथल्या तिथे बसवून द्यायचो. आणि हा पेंटर, मेंढरांमागे वाढलेला, शेळीच्या केसांचा कुंचला नि गेरू घेऊन बाजारात बसला की माणसं माझ्याकडे पाठ फिरवून त्याच्याभोवती गोळा व्हायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

निजामी राजवट जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दुकानदार उर्दू पाट्या उतरवून मराठी लावत होते. पेंटरला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी खडूने अक्षरं आखायची आणि त्याने रंग भरायचा, असं ठरलं. रंग भरून झाला की उरलेल्या जागेत तो आपल्या मनाने एखादा माणूस काढायचा, आणि तो न चुकता पाठमोरा. शिंप्याच्या पाटीवर नवा कोट घालून निघालेली पाठ. न्हाव्याच्या पाटीवर नुसती मान. हॉटेलच्या पाटीवर चहा पिणारे तिघे. त्यातला मधला घरी भांडून आलाय हे रस्त्यावरून कळायचं. माझी अक्षरं कुणी वाचायचं नाही. जवळच्या एका गावच्या पाटलांनी हौसेने त्याच्याकडून आपली तसबीर काढून घेतली. पाठ बघून ते असे भडकले की काठी आणायला आत गेले. तेवढ्यात पाटलीणबाई बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "आस्संच जात्यात बगा, मी बोलायला लागले की," म्हणाल्या. तसबीर बैठकीत लागली. त्याच पाटलांची मी काढलेली तसबीर, दोन्ही मिशा अगदी सारख्या लांबीच्या, धान्याच्या खोलीत गेली.

एकदा न राहवून मी विचारलं, "पेंटर, हे शिकलास कुठे?"

"शिकायचं काय त्यात? ल्हानपणी म्होरं दिसायचं तेच काढायलोय. म्होरं माय, डोक्यावर बिऱ्हाड. तिच्यामागं मेंढरं. मेंढरामागं मी."

तो पाच वर्षांचा असताना वाटेतच, गंगाखेडच्या अलीकडे, पटकीने त्याची माय गेली. मग चुलत्याची पाठ, मग ज्यांची मेंढरं राखली त्यांच्या पाठी. "माय मागं वळून बघायची नाही?" मी विचारलं. "बघत आसंल की. माझ्या ध्यानात पाठच ऱ्हायली."

मी घरी येऊन माझं बालपण उलटंपालटं केलं. एक दुःख सापडेना. सातव्या वर्षी मांजर मेलं होतं, तेही शेजाऱ्यांचं. मग मीच हाल सोसायचं ठरवलं. कोरडी भाकरी खायला लागलो, तर माझं पोट बिघडलं असं समजून आईने तिसऱ्या दिवशी मऊ भात आणि वर तुपाची धार सुरू केली. उन्हात अनवाणी निघालो, तर जो तो गाडीवान गाडी थांबवून म्हणायचा, "बसा की मास्तर." हालअपेष्टासुद्धा मला मास्तर म्हणून मान देत होत्या.

आणि एक दिवस हाच पेंटर शाळेत येऊन माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "मास्तर, तुमाला तोंड काढाया येतंय. माझ्या मायचं काढून देता का?"

खरं सांगतो, मला आनंद झाला, आणि तो चांगला आनंद नव्हता. कागद पुढे ओढून मी ऐटीत विचारलं, "नाक कसं होतं?"

"म्हाईत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

आठ दिवस माझे चौकोन कोरे राहिले. नवव्या दिवशी मी ते पुसून टाकले आणि हाताला जे एकच आईचं तोंड येत होतं ते काढलं. कुंकू जरासं वाकडं, माझी आई लावायची तसं. त्याने ते चित्र कितीतरी वेळ हातात धरलं. "आशीच आसंल," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मी त्याला फसवलं की काय, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढे आई आजारी पडली तेव्हा तो प्रथमच आमच्या घरी आला. उंबऱ्यातच थबकला, आईकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आई गेल्यावर मी किती वेळा कागद घेऊन बसलो. चौकोन आखले, नाक जिथल्या तिथे बसलं, आई काही आली नाही. आता तिला बघायचं तर मला पेंटरच्या घरी जावं लागतं. एका भिंतीवर त्याच्या मायची पाठ, समोरच्या भिंतीवर माझी आई. त्याच्याकडे दोन्ही आहेत, आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो. ते चित्र परत मागावं असं दर वेळी मनात येतं, आणि मागवत नाही. तो म्हणतो, "बसा मास्तर, चा ठिवतो," आणि चुलीकडे तोंड करून बसतो. मी आईकडे बघत राहतो, चहा उकळून काळा होतो, पण मी हाक मारेपर्यंत तो मागे वळत नाही.