मानेखालचा बॅक

जुन्या फुटबॉलवाल्यांच्या बैठकीत माझा विषय निघाला, की कुणीतरी म्हातारा माझी गावं मोजायला लागतो. निपाणी, कोल्हापूर, पुणे, मडगाव, हुबळी. ऐकणारे माना डोलावतात. एवढ्या गावांनी बोलावलं म्हणजे गडी काय ताकदीचा बॅक असेल, असं त्यांना वाटतं. मी आपला चहा पितो. बोलावणी आली होती हे खरंच आहे. पण त्यातल्या प्रत्येक गावानं मला नारळही दिला होता, हे सांगायची घाई मी कधी केली नाही.

नारळ मिळण्याचं कारण सगळीकडे एकच. मी चेंडूला डोकं लावत नसे.

आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यातले जैन. वडील तंबाखू पिकवायचे. मी शाळेत असतानाच ते गेले आणि आई मला घेऊन निपाणीला तिच्या भावाकडे राहायला आली. मामा भला माणूस होता. मामीही वाईट नव्हती, पण चूल तिची होती आणि ते ती दिवसातून चारदा तरी आईला कळेल असं वागायची. त्या सुमाराला शाळेत बेळगावच्या लष्करी कॅम्पातून एक मास्तर आले आणि त्यांनी आम्हाला फुटबॉलचं वेड लावलं. एकदा मी चेंडू घरी घेऊन आलो. तो चामड्याचा आहे हे मामीनं ओळखलं आणि सोप्यात उभं राहून तिनं सगळ्या आळीला ते सांगितलं.

आईलाही चेंडू आवडला नव्हता. पण मामीनं मला बोल लावलेला तिला त्याहून कमी आवडला. तिनं थोडा विचार केला आणि न्यायनिवाडा दिला. पायात चप्पल चालते, तर पायाला चेंडूही चालेल. मात्र ज्या डोक्याला रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, गंधोदक लावायचं, त्या डोक्याला चामडं लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी अभिषेकाचं ते पाणी माझ्या कपाळाला लावून तिनं मला देवासमोर उभं केलं आणि नेम घ्यायला लावला: मानेच्या वर चेंडू लागू द्यायचा नाही. छातीचं काय, असं मी विचारलं. ती जरा घोटाळली. मग म्हणाली की अंगात सदरा असतो, तेव्हा छाती चालेल. चेंडू घरात आणायचा नाही, गोठ्याच्या बाहेर खुंटीला टांगायचा, हेही ठरलं. मी सगळ्याला हो म्हणालो. त्या वयात एका पायावर खेळ म्हणाली असती तरी मी हो म्हणालो असतो.

आता बॅक म्हणजे गोलच्या पुढ्यात उभा राहून आलेला चेंडू परतवणारा माणूस. त्यातले निम्मे चेंडू उंचावरून येतात. बाकीचे बॅक उडी मारतात आणि डोक्यानं चेंडू फेकून देतात. मला ती सोय नव्हती. म्हणून चेंडू कुठं पडणार हे मी तो समोरच्याच्या पायातून सुटायच्या आधीच ताडायला शिकलो. तिथं जाऊन आधीच उभं राहायचं, छातीवर घ्यायचा, नाहीतर पाय वर करून हवेतच लाथाडायचा. पाय माझा इतका वर जायचा की समोरचे गडी आपापली नाकं सांभाळायचे. लोक टाळ्या वाजवायचे. हा बॅक डोकं वापरतो, असं लोक म्हणत. ते ऐकून मला फार हसू यायचं.

त्या काळी खेळायचा पगार उघडपणे कुणी देत नसे. कुठंतरी नाव चढवायचं आणि खेळवायचं. निपाणीत मी तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. पहिल्या दिवशी इतका शिंकलो की मालकानं मला वखारीत पाऊल टाकायची मनाई केली. कोल्हापुरात एका इनामदाराच्या पागेचा मुकादम होतो. घोडे मला ओळखत नव्हते आणि मीही त्यांना ओळखायच्या भानगडीत पडलो नाही. पुण्यात छापखान्यात आणि मडगावला एका पावाच्या भट्टीवर माझं नाव होतं. माझं गुपित साधारण एक हंगाम टिकायचं. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं, की हा बॅक उंच चेंडूखालून बाजूला होतो. एकदा ते कळलं की समोरचे सगळे चेंडू माझ्या बाजूनं आणि आभाळातून यायला लागायचे. एकेका सामन्यात चार-चार गोल चढले, की मालक खांद्यावर हात ठेवून निरोपाचा चहा पाजायचा. तो चहा मी पुढं वासावरून ओळखायला लागलो.

खरं कारण मात्र मी कुठंच सांगितलं नाही. माझ्यावर हसा, माझी काही हरकत नव्हती. आईवर कुणी हसलेलं मला खपलं नसतं. म्हणून गावागणिक थाप वेगळी. कोल्हापुरात सांगितलं की वैद्यानं डोक्याला धक्का लावू नको म्हणून बजावलंय. पुण्यात सांगितलं की डोक्यावर नवस आहे. कसला, ते सांगितलं तर फळत नाही. मडगावला सांगितलं की लहानपणी डोक्यात नारळ पडला होता. ही थाप सगळ्यांत महागात पडली. जिच्या घरी मी राहायचो ती म्हातारी मला अंगणातल्या माडाखालून जाऊ देईना. रोज पाणी आणायला मला सगळ्या वाडीला वळसा घालावा लागायचा.

आणि आईला सांगायचो की बढती झाली. निपाणीहून कोल्हापूर ही बढतीच, पुणे त्याहून मोठी. मडगाव तर परमुलूख. ती प्रत्येक वेळी आळीत साखर वाटायची आणि मामीला मुद्दाम चिमूटभर जास्त द्यायची. माझ्या पोराला गावंच्या गावं मागतात, असं ती बस्तीत सगळ्यांना सांगत असे.

हुबळीला आलो तेव्हा मी तिशी ओलांडली होती. गुडघे कुरकुरायला लागले होते. इथं एका कारखान्याच्या संघात मी होतो. कारखान्याचा साहेब गोरा होता आणि त्याला फुटबॉलपलीकडे जगात काही दिसत नसे. बेळगावच्या कॅम्पात दर साली एक कप खेळला जायचा आणि तो बहुतेक वेळा गोऱ्या पलटणीच्याच घशात जायचा. आम्ही त्या वर्षी फायनलला पोचलो. साहेबानं मला बोलावून सांगितलं, कप आणलास तर नोकरी कायम, आणि कायम माणसाला क्वार्टर. दोन खोल्या आणि मागं चूल. मी निपाणीला निरोप धाडला. आईनं उलट निरोप पाठवला की चुलीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेव.

कायम नोकरीचं मला फारसं वाटत नव्हतं. पण आईला आपली चूल मिळावी, हे मला मनापासून हवं होतं. मामीच्या घरात कितीतरी वर्षं ती दुसरीनं उतरवून दिलेल्या तव्यावर भाकरी भाजत होती. फायनलच्या आदल्या रात्री मी बस्तीत गेलो नाही की प्रार्थना केली नाही, नुसता आढ्याकडे बघत पडून राहिलो.

आई सामन्याला आली. आयुष्यात पहिल्यांदाच. मामा तिला सर्व्हिस मोटारीतून घेऊन आला आणि बेळगावातच शहापुरात राहणाऱ्या मावशीच्या बैलगाडीत बसवून त्यानं तिला मैदानाच्या कडेला आणलं. दिवस बुडाल्यावर आम्ही जेवत नाही; सामना संपेपर्यंत दिवस बुडणार आणि मग पोरगा उपाशी राहणार, म्हणून तिनं हाफ टायमाला मामाच्या हाती भाकरी-पिठलं धाडलं. बाकीचे लिंबू चोखत होते आणि मी मैदानाच्या कडेला मांडी घालून जेवत होतो. पलटणीचे सोल्जर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असावं, हा काहीतरी डाव आहे.

तोवर कुणाचाच गोल नव्हता. आम्ही अनवाणी, ते बुटात. शिवाय एकेक सोल्जर ताडमाड. पण माझा अंदाज त्या दिवशी असा काही लागला होता की मी स्वतःच चकित झालो होतो.

गाडीशी काय झालं ते मामानं मला नंतर सांगितलं. गाडीला टेकून काळी टोपी घातलेला एक शहरी गृहस्थ उभा होता. ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं असा एक तरी माणूस प्रत्येक मैदानावर असतोच. तो शेजाऱ्याला माझी कुंडली सांगत होता. गडी एक नंबरचा, पण मानेखालीच. डोकं लावत नाही म्हणून कोल्हापूरनं काढला, पुण्यानं काढला, मडगावनं काढला. उद्या हुबळीही काढणार. कारण विचारलं तर कुठं वैद्य सांगतो, कुठं नवस, कुठं नारळ. दोघंही पोट धरून हसले. मामानं आईकडे पाहिलं. ती हसली नाही. वैद्य नव्हता, नवस नव्हता आणि नारळही नव्हता, हे त्या मैदानात माझ्याखेरीज फक्त तिला ठाऊक होतं. वाटलेली सगळी साखर तिला त्या वेळी आठवली असणार.

सामना संपत आला होता. पलटणीच्या एकानं उजवीकडून चेंडू उंच उचलला. आमचा गोलकीपर पुढं धावला आणि चुकला. मागं, गोलच्या रेषेवर, मी एकटा. चेंडू माझ्या डोक्याच्या बरोबर वर येत होता. छातीला उंच, पायाला जवळ. बाजूला व्हायचं एवढंच माझ्या अंगाला माहीत होतं आणि माझा एक पाय बाजूला गेलाही होता. एवढ्यात कडेनं आईचा आवाज आला. बायकांनी चारचौघांत आवाज चढवायचा नसतो, असं सांगणारी माझी आई गाडीत उभी राहून ओरडत होती.

"डोकं घाल रं! माझी आण हाय, डोकं घाल!"

मी डोकं घातलं. घातलं म्हणजे, उडी मारली आणि डोळे गच्च मिटले. आयुष्यात कधी केलेलं नाही ते काम माणूस जसं करतो तसं. टाळूवर दगड पडल्यासारखं वाटलं. डोळे उघडले तेव्हा सगळे सोल्जर एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि चेंडू माझ्या पाठीमागं जाळ्यात होता.

मी डोकं लावलं नसतं तर तो चेंडू बारवरून गेला असता, असं निम्मे लोक म्हणत. उरलेले म्हणत, नाही, आतच जात होता. कॅम्पातल्या एका चहाच्या दुकानात हा वाद पुढं कित्येक वर्षं चालला आणि एकदा त्यावरून बशा फुटल्या. माझ्यापुरता निकाल त्याच संध्याकाळी लागला. साहेबानं खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला.

मी शहापुरात मावशीकडे आलो तेव्हा माझ्यानं आईकडे बघवत नव्हतं. दोन खोल्या आणि मागची चूल मी माझ्या टाळूनं जाळ्यात घातली होती. मला रडू आलं आणि मी रडलो. डोक्याला टेंगूळ आलं होतं, त्यावर आईनं तेल चोळलं आणि मला झोपवलं.

सकाळी उठलो तर ती परसात उभी होती. अजून अंघोळ झाली नव्हती, बस्तीत जायचं होतं. माझा सरावाचा चेंडू नेहमीप्रमाणे बाहेर खुंटीला टांगलेला होता. त्याला तिनं इतक्या वर्षांत बोट लावलं नव्हतं. ती त्याची गाठ सोडत होती. मला बघून म्हणाली की मामाला एकट्यालाच मोटारीत बसवून दे. आता तुला जे गाव बोलावील तिथं मीही येणार, खोली भाड्याची असली तरी चालेल, तीन दगड मांडून चूल मी करीन. मग तिनं दोन्ही हातांनी चेंडू धरला आणि मला चार हात लांब उभं राहायला सांगितलं.

मी विचारलं, "आई, आणि नेम?"

"नेम मी घातलता, मीच सोडवला. पाप लागलं तर माझ्या डोक्याला लागंल, तुझ्या न्हाय." पदर खोचून तिनं चेंडू वर उचलला. "आता टाकणार हाय. डोळं उघडं ठेव."

चेंडू तिनं अगदी वाकडा टाकला. मी धावत जाऊन त्याला डोकं लावलं.