बसस्टॉपचे लाल लायटिंग

मंडळी, आपल्या बसस्टॉपच्या नव्या लाल लायटिंगचे फोटो सगळेच टाकताय. छान दिसतंय.

आज संध्याकाळी बाबांना घेऊन तिथेच निघाले होते. बाबा रस्त्याच्या अलीकडेच थांबले.

"चल बेटा, वापस जाऊ."

बाबा मिलमध्ये बदली कामगार होते, कायमचा माणूस आला नाही तरच त्यांना काम. गेटवर लाल बल्ब दिसला की आज काम नाही, घरी जायचं.

"बाबा, हा बसस्टॉप आहे."

"माहीत आहे गं. पण पाय उचलत नाही."

बस आली, गेली. मला रागही आला नाही. ऑटोने घरी परतलो.

मिल कायमची बंद झाली, तेव्हा कुणीच काही सांगितलं नव्हतं. बल्ब लालच राहिला आणि बाबा रोज बघून परत येत राहिले.

तुमच्या घरचं कुणी थबकलं का तिथे?