न्हाई लिहिलेला दिवस

जिंतूरच्या बसस्टँडासमोर चहाचं एक हॉटेल आहे. रामहरी तिथं बसायचा आणि बसल्या जागेवरून बायकोचे दिवस लोकांना वाटून टाकायचा. कुणी नुसतं विचारायचा अवकाश, "रामहरीभाऊ, पोरीचं लगीन काढलंय. दैवशालाबाई येतील का सैपाकाला?" की याचं उत्तर तयार. "येईल की. घरीच तर हाय ती." मग चहा त्या माणसाच्या नावावर, पान त्या माणसाच्या नावावर, आणि दैवशालेच्या डोक्यावर अख्ख्या पंगतीचा स्वयंपाक.

दैवशाला लग्नकार्यातल्या जेवणाची कामं घ्यायची. पोळ्या लाटायला, भाज्या चिरायला हाताखाली पाचसहा बाया. त्यांत सरजाबाई सगळ्यांत जुनी आणि तिच्याच वयाची. दैवशालेच्या हातचं वांग्याचं भरीत आणि बुंदी म्हटलं की लोक लांबून यायचे. काम तिचं, नाव तिचं. पण ते काम कधी करायचं, हे ठरायचं मात्र हॉटेलातल्या बाकड्यावर.

मागच्या उन्हाळ्यात व्हायचं तेच झालं. रामहरीनं एकाच दिवशीची दोन लग्नं कबूल करून ठेवली. एक जिंतुरात, दुसरं येलदरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. दोन्हीकडची माणसं सकाळीच दारात उभी. दैवशालेनं बाया अर्ध्या अर्ध्या केल्या, निम्म्या खेड्यावर पुढं पाठवल्या, गावातली भट्टी पेटवून दिली आणि टेम्पोत उभं राहून खेड्यावर गेली. तोवर तिथलं वरण तळाला लागलं होतं. नवरीचा चुलता भर मांडवात तिच्यावर ओरडला, "झेपत न्हाई तर कामं कशाला घेता? फुकटचं नाव करून ठेवलंय!" बाया माना खाली घालून पोळ्या लाटत राहिल्या. रामहरी तेव्हा जिंतुरातल्या मांडवात पंगतीला बसून बुंदी खात होता.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "दोन जागी एक बाई कशी जाईल? इचार केलाव का काही?"

"ध्यानात न्हाई राहिलं," रामहरी म्हणाला. "तूच आठवण द्यायची ना."

तिला मालूमच नसलेल्या गोष्टीची तिनं आठवण द्यायची! दैवशालेच्या अंगाची लाही लाही झाली.

त्यात उजवं मनगट सुजलं. परभणीला डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "मोठं काम झालं की दुसरा दिवस हाताला पूर्ण आराम द्या. नाहीतर लाटणं कायमचं सुटेल." दवाखान्यातून बाहेर पडली ती तशीच चालत एका स्टेशनरीच्या दुकानात शिरली. डोकं तापलेलंच होतं.

दुकानदारानं चालू सालची डायरी पुढं टाकली. "घ्या मावशी, अर्ध्या किमतीत देतो. आता कोण घेतंय."

तिनं उघडली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. सगळी पानं कोरी. "हे गेलेले दिस मला कशाला इकायलेत?"

अशा डायऱ्या तिला नव्या नव्हत्या. दर नव्या वर्षाला खताच्या दुकानातून रामहरी एक घेऊन यायचा. तिनं दोनदा लिहून बघितलं होतं. लग्नसराईत एकेका पानावर अक्षराला जागा पुरायची नाही, आणि आषाढ लागला की दिवाळीपर्यंत तारखांमागून तारखा कोऱ्या. रामहरी ती कोरी पानं फर्रकन उलटून म्हणायचा, "बघ, निम्मं साल बसून खाल्लंस." त्या दिवसांत ती कापूस वेचायची, खुरपायला जायची, सासूच्या शेळ्या बघायची. ते डायरीत कोण लिहितो? शिवाय तिचं वर्ष जानेवारीत सुरूच व्हायचं नाही. ते सुरू व्हायचं तुळशीच्या लग्नानंतर.

"तारखा न छापलेली न्हाई का?" तिनं विचारलं.

दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ झटकत तीन वह्या काढल्या. "याला प्लॅनर म्हणतात. तारीख आपणच घालायची. पण मावशी, सैपाकाच्या कामाला हे कशाला? डोक्यात राहतंच की."

"डोक्यात राहतंय म्हणूनच ते दुखायलंय."

तिनं वह्या उघडून बघितल्या. पहिलीत अख्खा महिना एका पानावर, पण चौकटी एवढ्याशा की तिचं मोठं अक्षर मावणार नाही. दुसरीत एका दिवसाला एक पान. त्यात आजचं दिसायचं, पण परवा काय वाढून ठेवलंय ते दिसायचं नाही. तिसरीत आठवडा होता. डाव्या पानावर सात दिवसांच्या सात पट्ट्या, उजवं पान किराण्याच्या यादीला मोकळं. वही काउंटरवर उघडी ठेवली तर आपोआप मिटत नव्हती. शाई पलीकडं उतरते का ते बघायला तिनं पेन मागून शेवटच्या पानावर दोन रेघोट्या मारल्या. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली.

"हीच द्या," ती म्हणाली.

त्या वहीनं तिचं काम सोपं केलं आणि घरातलं वातावरण बिघडवलं. सोपं अशासाठी, की काम ठरलं की ती त्या आठवड्याच्या तारखा घालायची आणि दिवसाच्या पट्टीत कुणाचं, कुठं, कोणकोणत्या बाया ते लिहायची. पावसाळ्यात सासू, बानूबाई, तापानं पडली तेव्हा वही पंधरा दिवस उघडलीच नाही. पुन्हा उघडली तेव्हा मधली कोरी पानं वाकुल्या दाखवत बसलेली नव्हती. पुढच्या पानावर नवी तारीख घातली, लागली कामाला. आणि वातावरण बिघडलं ते अशासाठी, की तिनं घरात सांगून टाकलं, "हितून पुढं कुणी इचारलं तर म्हणायचं, ती वही बघून सांगंल. मीच सांगीन."

"म्हणजे माझ्या शब्दाला किंमतच न्हाई?" रामहरी म्हणाला.

"माझ्या हाताला हाय का?"

लोकांनाही रुचलं नाही. लय मोठी झाली, भेटायला आता अर्ज करावा लागतोय, असं हॉटेलात बोललं जाऊ लागलं. हे टोमणे रामहरी घरी आणून तिला शब्दशः ऐकवायचा. वरून "मी न्हाई म्हणायलो, लोक म्हणायलेत."

मार्गशीर्षात लागोपाठ दोन मोठी लग्नं आली. दोन्हींच्या दुसऱ्या दिवसाच्या पट्टीत तिनं ठळक अक्षरांत लिहिलं: न्हाई.

रामहरीनं वही चाळली. "हे न्हाई कुणाचंय? कोणतं गाव?"

"गाव न्हाई. त्या दिवशी मी कुठं जाणार न्हाई."

"मग ते लिहायचं कशाला? काही नसलं तर रिकामं सोडावं."

"रिकामं सोडलं की तुमी भरता."

तो हसला, वही ठेवली. पण पहिलं लग्न उरकून ती हात शेकत बसली होती तेव्हा सरजाबाईनं येऊन विचारलं, "दैवशे, गुरुजींच्या घरी किती वाजता जायचं?"

"कोणते गुरुजी?"

"काशीनाथ गुरुजी. पोरीचा साखरपुडा हाय ना. तुज्या मालकानं सांगितलं मला."

दैवशालेनं वही उघडली. दुसऱ्या लग्नानंतरच्या दिवसावर तिनं लिहिलेल्या न्हाईवर आडव्या रेघा मारल्या होत्या आणि शेजारी रामहरीच्या वाकड्या अक्षरात होतं: गुरुजी, साखरपुडा, सकाळपासून.

चोरानं घरात शिरून भांडी नेली असती, तरी तिला एवढं लागलं नसतं. तिनं वही उचलली, पायात चप्पल सरकवली आणि हॉटेल गाठलं. इतक्या वर्षांत ती त्या हॉटेलाच्या पायरीला कधी गेली नव्हती.

"आवो, उठा."

बाकड्यावरची माणसं वळून बघू लागली. रामहरी कसनुसा हसला. "काय झालं? घरी बोलू."

"घरी कशाला? तुमी हितं बसून ठरवता, तर हितंच बोलायचं. ह्या अक्षरावर रेघ कुणी ओढली?"

"अगं, गुरुजी हायेत ते. मला शाळेत शिकवलंय त्यांनी. त्यांना न्हाई कसं म्हणावं?"

"तुमाला शिकवलंय ना? मग तुमी जा. पीठ तुमी मळा, भट्टीपुढं तुमी उभं ऱ्हा. माझं मनगट तुमच्या शाळेची फी हाय का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रामहरीचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती तशीच गुरुजींच्या घरी गेली.

काशीनाथ गुरुजी निवृत्त शिक्षक. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. बायको विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. दैवशालेनं उभ्यानंच सांगितलं, "गुरुजी, त्या दिवशी मला जमणार न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. अजून वखत हाय."

"असं कसं?" गुरुजींनी चष्मा काढला. "तुमच्या मालकांनी शब्द दिलाय मला."

"त्यांनी दिला. मला इचारून न्हाई दिला."

"त्या दिवशी दुसरीकडं काम घेतलंय का?"

"न्हाई. हाताला आराम."

"आराम!" गुरुजी विमलाबाईंकडं बघून हसले. "मैत्रेयीचा साखरपुडा आयुष्यात एकदाच होणार, बाई. आराम काय, नंतर करा."

"नंतर दुसऱ्या कुणाचं तरी एकदाच असतं," दैवशाला म्हणाली. आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिची इच्छा नव्हती. "तुमी शाळेत असताना रविवारी कुणी बोलवलं तर जात होता का शिकवायला?"

गुरुजींचा चेहरा लाल झाला. "ही भाषा बरी नाही. जिंतुरात माणसांची कमी नाही, लक्षात ठेवा."

"मग झालंच की," ती म्हणाली आणि निघाली. विमलाबाई मान वर करून बघत होत्या. त्यांना काय वाटलं ते कळलं नाही.

माणसांची कमी नव्हतीच. सरजाबाईनं ते काम घेतलं. उरलेल्या बाया गोळा केल्या आणि दैवशालेला तोंडावर सांगितलं, "तुला आराम पाहिजे, मला काम पाहिजे. राग धरू नको." दैवशालेनं राग धरला. चांगला घट्ट धरला.

तो दिवस उजाडला. ती घरात बसली. हातावर हळदीचा लेप होता आणि करायला काही नव्हतं. आता मीठ जास्त पडलं असेल, आता पोळ्या कमी पडल्या असतील, असं तिच्या मनात येत राहिलं. खरं तर तसं व्हावं असंच तिला वाटत होतं. दुपार टळल्यावर शेजारची बाई जेवून आली. "लय छान झालता बघ सैपाक. तुज्यावानीच."

दैवशाला उठून मागल्या दारी गेली. सरजाबाईवरचा राग बघता बघता दुसरीकडंच वळला. आपण नसलो तर भट्टी पेटणार नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं होतं? तापात, पाळीत, सुजल्या हातानं ती उभी राहिली होती ती याच समजुतीवर. रामहरी म्हणायचा, "तुज्याशिवाय कुणाला जमतंय?" आणि ती खूश व्हायची. तो मान नव्हताच, तो फास होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं गळ्यात घालून घेतला होता. तिला स्वतःचाच इतका संताप आला की तिनं शेळ्यांची दावण उगाच हिसका देऊन ओढली.

त्या सराईत तिची कामं कमी झाली. गुरुजींच्या ओळखीतली तर सगळीच सरजाबाईकडं गेली. दोघी काही महिने बाजारात एकमेकींना चुकवत राहिल्या. मग सरजाबाईलाही एकाच दिवशी दोन बोलावणी आली, तेव्हा तिनं एक दैवशालेकडं पाठवलं. तेवढ्यापुरतं बोलणं सुरू झालं. रामहरी हॉटेलात बसतो अजून. कुणी विचारलं की म्हणतो, "मला कशाला इचारता? साहेबीणबाईला फोन लावा." टोमणा असतो, पण फोन येतात.

या उन्हाळ्यात बानूबाई एकदा जेवताना म्हणाली, "लिंबाजीला बघून यावं म्हणते. लय थकलाय म्हणं." लिंबाजी तिचा भाऊ, सोनपेठकडचा. म्हातारी कितीतरी वर्षांत माहेरी गेली नव्हती.

"आन् शेळ्या?" रामहरीनं घास न थांबवता विचारलं. "तुज्याशिवाय ऐकत्यात का त्या?"

बानूबाईनं लगेच मान खाली घातली. "ते बी खरंच."

दैवशालेनं ताट बाजूला सारलं. "काही खरं न्हाई. आत्याबाई, उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. चार दिस ऱ्हाऊन या. शेळ्या हे बघतील."

"मी?" रामहरी ओरडला. "मला काय येतंय त्यातलं? आन् हॉटेलात माणसं येतात माझ्याकडं..."

"त्यांना सांगा, घरीच हाय म्हणून."

तो बराच वेळ आदळआपट करत राहिला. म्हातारी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दैवशालेनं तिला परभणीच्या एसटीत खिडकीशी बसवलं. सोनपेठची गाडी तिथून मिळायची. घरी परतताना ओढ्याकडं तिला रामहरी दिसला. एक शेळी कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर चढली होती, आणि हा खालून हातवारे करत तिला शिव्या घालत होता.