हुकूम येईस्तोवर

लेबनॉनमधली यूएनच्या शांतिसेनेतली आमची पोस्ट डोंगरावर होती. मी भारतीय फौजेतला हवालदार, रेडिओ ऑपरेटर. शाळा सातवीपर्यंत, पण रेडिओचं इंग्रजी पाठ. खाली उतारावर युक्रेनचे सॅपर सुरुंग काढायचे. आमच्या गेटच्या आत पोलंडची अँब्युलन्स उभी असायची. तिचा ड्रायव्हर कॉर्पोरल मारेक. सॅपरांचा सार्जंट आंद्री. दोघांचे देश शेजारी, दोन्हीकडं आधी कम्युनिस्टांचं राज्य. चहाला दोघंही आमच्याकडं. बोलणं मोडक्या इंग्रजीत.

पोलंड नुकतंच नाटोत गेलं होतं. मारेक म्हणाला, "आई त्या दिवशी रडली. म्हणाली, आता तरी आपल्यासाठी कुणी धावून येईल."

आंद्री हसला. "माझी आई नाटोचं नाव निघालं की टीव्ही बंद करते. तिचा सख्खा भाऊ रशियाच्या फौजेत आहे."

"तोच येईल एक दिवस बंदूक घेऊन," मारेक म्हणाला.

"तुझ्या जिभेला हाड नाही."

मग मला विचारलं, तुझं काय? मी सांगितलं, एकमेकांसाठी धावून जायच्या असल्या बोलीला आमच्या औसा तालुक्यात सावड म्हणतात. पेरणीला तुझे बैल माझ्या रानात, माझे तुझ्या रानात.

आंद्री म्हणाला, "आणि ज्याला सावडीत घेतलं नाही, त्याचं रान पडीक ठेवायचं?"

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

मंगळवारी सकाळी ९:४० ला खाली धमाका झाला. सेटवर सॅपरांचं रशियन ओरडणं सुरू झालं; ते आपसात रशियनच बोलायचे. मी हेडक्वार्टरला कळवलं.

"सॅपर पार्टी हिट. अँब्युलन्स सोडू? ओव्हर."

"रस्ता क्लिअर नाही. वेट. आऊट."

मारेक खिडकीशी आला. शाळेत त्याला जबरदस्तीनं रशियन शिकवलं होतं. "आंद्री आहे. पाय गेला. जिवंत आहे. गेट उघड."

"ऑर्डर नाही."

"तो मला नावानं हाक मारतोय!"

"ऑर्डर नाही, मारेक."

ऑर्डर ९:५४ ला आली, तोवर सेटवर त्याचा आवाज येत होता. आम्ही पोचलो तेव्हा आंद्रीचं अंग गरम होतं, श्वास नव्हता. डॉक्टर म्हणाला, "थोडं आधी आला असता, तर हा वाचला असता." चौकशीत माझं काम नियमाप्रमाणं ठरलं. मारेक परत चहाला आला न्हाई. त्या दोघांच्या देशांत एकमेकांसाठी धावून जायचा करार नव्हता, तरी तो निघाला होता. अडवलं मी.

सुट्टीवर आल्यावर बायकोला सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात ती घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडली गेली होती. फौज पोचायच्या आधी शेजारच्या कासिमभाईनं हातानं दगड उपसून तिला बाहेर काढलं होतं. ती म्हणाली, "कासिमभाईनं हुकूम इचारला असता, तर मी आज असते का हो?"

तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता उत्तर सुचलं तरी द्यायचं कुणाला?

मी लातूरला कोचिंगच्या होस्टेलवर वॉचमन आहे. युक्रेनवर रशिया चालून गेला तेव्हा पोरं मेसमध्ये भांडत होती. एक म्हणे नाटोत जायचा हट्ट नडला, दुसरा म्हणे आधीच जायला पायजे होतं. "काका, तुम्ही फौजी. तुम्हीच सांगा, कोण बरोबर?"

मी म्हणालो, "पुस्तकात असंल ते टिक करा. मला एवढंच ठावं हाय. सार्जंट आंद्री, सॅपर, वय सव्वीस. गेटपासून चारशे मीटरवर चौदा मिनिटं जित्ता होता. गेटची चावी माझ्या खिशात होती."